मोसंबीच्या सालीचा कागद

आक्षेप पहिला: नमुने खरोखर उन्हात होते, याचा पुरावा काय?

हसनाबादला उतरल्याबरोबर तृप्ती थेट घरच्या गोठ्याच्या पत्र्यावर चढली. दोन वर्षांपूर्वी तिनेच तिथे मल्चिंग पेपरचे, म्हणजे पिकाच्या बुडाशी अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचे, तुकडे ताणून बांधले होते. डाव्या रांगेतल्या साध्या तुकड्यांचा केव्हाच भुगा झाला होता. उजव्या रांगेतले तिने विद्यापीठात बनवलेले होते, मोसंबीच्या सालीचा अर्क घालून. ते लखलखीत होते.

फक्त कोपऱ्यातल्या एकाला चीर गेली होती. तो तिने फोटोत घेतला नाही.

"आधी फोन करायचा ना, बाई," खालून सोनूबाई म्हणाली. "दरवेळी करतीस."

"वेळ न्हाई, आई. ह्या महिन्यात जर्नलनं निबंध घेतला न्हाई तर पीएचडी रद्द."

दोन जर्नलांनी निबंध परत पाठवला होता. हे तिसरे. याच्या परीक्षकाने तीन आक्षेप घेतले होते. उत्तर आजच जायला हवे होते.

आक्षेप दुसरा: नमुन्यांवर देखरेख कोणाची होती?

"माझी," सोनूबाई म्हणाली. "वानरं हाकलली. तुझ्या बापाला बी वर चढू दिलं न्हाई."

"मंग आभारात तुझं नाव घालते."

"त्याचं नको घालू. त्यानं निस्ता चहा पेला."

कित्येक दिवसांनी तृप्ती हसली.

आक्षेप तिसरा: दोन वर्षे उन्हात राहिलेल्या आणि कोऱ्या नमुन्यात काहीच फरक नाही, असे आम्ही कधी पाहिलेले नाही. मूळ गुंडाळीतला कोरा तुकडा आमच्याकडे तपासणीला पाठवाल का?

एवढंच ना, तृप्तीला वाटलं. पाठवते, असे लिहून तिने उत्तर धाडून दिले. तुकडे कापून उरलेल्या गुंडाळीला ऊन लागू नये म्हणून तिने ती आईच्या पेटीत ठेवली होती.

"आई, चावी दे. गुंडाळीतला तुकडा पाहिजे."

सोनूबाईने कमरेची चावी काढली, पण हातातच धरली.

"किती लागंल?"

"हातभर."

"हातभर न्हाई निघायचा."

तृप्तीने चावी ओढून घेतली. पेटी उघडली. साड्यांखाली पुठ्ठ्याची रिकामी नळी होती.

"तूच म्हणल्ती ना, हे फाटले तर मी मेले," सोनूबाई म्हणाली. "मंग फाटला की बदलला. आजचा कोपऱ्यातला तेवढा राह्यला."