लिफ्टमध्ये जनावरांना बंदी

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट छोटीच आहे, पण रागानं सांगतोय, तेवढं सांभाळून घ्या.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या म्हाताऱ्या कुत्र्याला संधिवात झाला. मागचा पाय पायरीवर टेकला की तो कळवळायचा. लिफ्टमध्ये जनावरांना बंदी, म्हणून काकू डॉक्टरांचं पत्र घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या.

"काकू, आज तुमचा कुत्रा, उद्या कुणी घोडा आणेल. नियम म्हणजे नियम!"

मग बासष्ट वर्षांच्या काकू त्याला पोटाशी धरून रोज दोनदा चार मजले उतरवायच्या आणि चढवायच्या. सेक्रेटरी लिफ्टच्या दारातून हसायचे, "चालू द्या, नातवाचे लाड चालू द्या!"

काल सकाळी तो गेला. काकूंनी त्याला चादरीत गुंडाळून उचललं आणि सवयीनं त्या जिन्याकडे वळल्या. तेवढ्यात सेक्रेटरींनी अगदी अदबीनं लिफ्टचं दार उघडून धरलं.



"या काकू, आता आणा. सामानाला बंदी नाही."

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मुक्या जिवाला आठवा. सेक्रेटरींसाठी काही मागायचं असेल तर तुम्हीच मागा, माझी जीभ अजून वळत नाही.