दोन सीटची लाल गाडी

सेकंडहँड गाड्यांच्या शोरूममधल्या माणसाने एका चकचकीत गाडीचं दार उघडलं. "मॅडम, ही ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही."

"मग मी करायचं काय?" सुलक्षणाने विचारलं.

स्पोर्ट्स कारचं वेड तिला शाळेपासून होतं, आणि ते लागलं होतं वडिलांमुळे. आबांनी एकतीस वर्षं कुंभार्ली घाटात एसटी चालवली होती. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "आता पूर्वीचे हात राहिले नाहीत," एवढंच म्हणायचे. आजही ते नुसते सोबत आले होते.

कोपऱ्यात दोन सीटची एक लाल गाडी उभी होती. आबांनी आत वाकून तिचा गिअर दोनदा हलवून पाहिला. "ही घे," ते म्हणाले. "हिला चालवावं लागतं."

पुढच्या रविवारी दोघं चिपळूणहून निघाली. घाटाच्या पायथ्याशी सुलक्षणाने गाडी थांबवली आणि खाली उतरली. "आबा, इथून पुढे तुम्ही."

पहिल्या वळणावर आबांनी गाडी अगदी हळू, जपून घेतली. दुसऱ्या वळणाआधी त्यांनी नेमका गिअर टाकला, गाडी रस्त्याला चिकटून झर्रकन वळली आणि आबा मोठ्याने हसले. सुलक्षणाने हे हसू किती दिवसांनी ऐकलं होतं!

वर पोचल्यावर दोघांनी चहा घेतला. मग तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

"उताराला जास्त अनुभव लागतो, पोरी," आबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.