सुतळीचं माप

गवंडी यायच्या आत हौसानं खुंटीवरची सुतळी विळीवर धरली आणि मधोमध कापली. नवऱ्यानं स्वतःच्या कमरेपर्यंतचं माप घेऊन ती टांगली होती. माती मळायला बरोब्बर तेवढा उंच ओटा बांधून घे, असं बजावून तो बाजाराला गेला होता.

बावीस वर्षं तो चाकावर बसला आणि हौसा जमिनीवर ओणवी होऊन माती मळत राहिली. कंबर धरते, चार विटांचा ओटा तरी बांधून द्या, असं ती दरसाल पावसाळा सरला की म्हणायची. त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "माती आपली आय हाय. तिच्यापुढं वाकायला लाज कसली?"

या उन्हाळ्यात तिची कंबर कायमची गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि पुन्हा वाकायचं नाही म्हणून तंबी दिली. माती मळणं नवऱ्याच्या गळ्यात पडलं. दोनच दिवसांत पठ्ठ्याला ओटा आठवला!

"वहिनी, एवढासा बुटका?" गवंड्यानं सुतळी जमिनीला लावून विचारलं.

"मालकांनी माप ठेवलंय न्हवं? मग तेवढाच."

संध्याकाळी नवरा बाजारातून परतला. गुडघ्याएवढा ओटा बघून त्याचं डोकंच फिरलं. "अगं, ह्याच्यावर बी मला वाकावंच लागंल की!"

हौसा खुर्चीत ताठ बसली होती. कमरेचा पट्टा आवळत ती म्हणाली, "आय हाय न्हवं ती? मग वाका की."