सोमवारपर्यंत मागे

"चार वाजता माझी बस आहे," तिनं तिसऱ्यांदा सांगितलं.

दुरुस्तीवाल्यानं मान वर न करता काय बंद पडलंय ते विचारलं.

गेल्या वर्षी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आईला दहा वर्षांपासून दिसत नाही. बाबा लॅपटॉपवर टाइप करायचे आणि त्यातला एक प्रोग्राम ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. घरात दोघांचं बोलणं होतं ते एवढंच. मंगळवारपासून तो प्रोग्राम उघडेना. बाबांनी आपल्या साध्या फोनवरून तिला मेसेज धाडला. एक दिवसाची रजा टाकून ती आज सकाळी घरी उतरली आणि पाणीसुद्धा न पिता लॅपटॉप उचलून इथं आली.

दुरुस्तीवाला बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"हा बिघाड नाही. मंगळवारी दुपारी कुणीतरी प्रोग्राम काढून टाकलाय."

नव्यानं बसवता येईल का, असं तिनं विचारलं. तो प्रोग्राम आता कुठं मिळत नव्हता. बनवणाऱ्यांनी केव्हाच बंद केला होता. मात्र सोमवारी लॅपटॉप कसा होता, त्याची नोंद मशीननं जपून ठेवली होती. तिथपर्यंत मागे नेऊन बघतो, तो म्हणाला. जमलं तर जमलं.

पडद्यावर एक पांढरं चक्र फिरू लागलं. तिला ते बघवेना. ती फुटपाथवर आली आणि दादाला फोन लावला. मंगळवारी घरी येऊन गेलेला तोच. लॅपटॉप दिसला की नको ते उडवून जागा मोकळी करायची खोडही त्याचीच.

दादा म्हणाला, मी दहा मिनिटं टेकलो, लॅपटॉपला हातही लावला नाही. तिनं ऐकून घेतलं नाही. आई-बाबांची एकमेकांशी असलेली बोलचाल तू तोडलीस, असं ती भर रस्त्यात बोलून गेली. दादानं फोन कट केला.

ती दुकानाच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. अडीच वाजले. पडदा काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला. तीनला दहा कमी असताना दुरुस्तीवाल्यानं तिला आत बोलावलं आणि काहीतरी लिहायला सांगितलं. तिनं 'आई' लिहिलं.

"आई," लॅपटॉप म्हणाला.

ती घरी पोचल्यावर बाबांनी लॅपटॉप जवळजवळ तिच्या हातातून ओढून घेतला. दोन्ही हातांची बोटं भराभर चालू लागली.

"अगं, ऐकतेस ना? पोरीनं दुरुस्त करून आणला. आता तुला सगळं सांगतो," तो सपाट आवाज म्हणाला.

"ऐकते," खुर्चीतून आई म्हणाली.

बाबा थांबेचनात. वरच्या मजल्यावरचं भांडण, टाकीची गळती, पेपरातली बातमी, तीन दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. आपली धावपळ सार्थकी लागली, असं वाटून ती बॅग आणायला आतल्या खोलीत गेली. भिंतीला हात लावत आई तिच्यामागून आली आणि दार लोटून घेतलं.

"दादाला काही बोललीस का?"

"बोलले. त्यानंच घोळ घातला ना."

"त्याला फोन कर आणि माफी माग."

बाहेरून आवाज आला, "अगं, कुठं गेलीस?"

आईनं दाराला पाठ टेकवली.

"शेजारणीच्या हातापाया पडून तो आवाज मीच लॅपटॉपमधून काढून टाकायला लावला होता," ती हळूच म्हणाली. "तीन दिवस तुझे बाबा माझा हात हातात घेऊन, तळव्यावर बोटानं एकेक अक्षर काढून बोलत होते गं."