सोबत जोडलेलं ताट

परका मेला. म्हणजे, परका गावात आलाच नव्हता, असं सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं. औराद भागातल्या त्या गावाला चार भाषा यायच्या. त्याची निघाली पाचवी. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्यांची अफवा होतीच. ख्रिस्ती रूथम्मानं मात्र त्याला घरात घेतलं. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेऊनही तिची जात सुटली नव्हती; तिच्या घरचं पाणी गाव पीत नव्हतं. हा पठ्ठ्या तिच्याच ताटात जेवायला बसला. तेवढ्यात जमाव दारात आला. "अक्का, ह्यो तुझा कोण?" "भाऊ." "मग नाव सांग की!" नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. त्याला ताटावरून ओढून दगडांनी ठेचलं. आता सरकारी दवाखाना प्रेतासाठी नात्याचा कागद मागायलाय. रूथम्मानं अर्ज दिला: "सोबत आम्हा दोघांचं उष्टं ताट जोडलं आहे. तेच नात्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरून भावाचं प्रेत दफनासाठी द्यावं, ही विनंती."