चौदा धागे

कालच्या सरावात धनुष्याची दोरी तुटली आणि लेकीच्या हातावर वळ उठला. आईचा जीव टांगणीला लागला. "नवी दोरी मीच वळणार," ती म्हणाली.

सरांनी चौदा धागे सांगितले होते. तिने मेण लावून सात-सात धाग्यांचे दोन पेड केले. मग तो वळ आठवला, म्हणून दोन्हींत गुपचूप तीन-तीन वाढवले आणि उलटसुलट पीळ देत दोरी घट्ट वळली.

आज निवड चाचणी होती. दोरी थेट मैदानावरच चढवली. शिट्टी वाजली, सगळ्यांचे बाण सुटले. लेक मात्र अजून दोरीशीच झटत होती.

"काय गं, तुटली?" कुंपणापलीकडून आई ओरडली.



"तुटतेय कसली! आई, इतकी जाड झालीय, बाणाची खाच बसतच नाहीये!"