मित्रदेशाचा दर्जा

२००४ साली अमेरिकेने आपल्या कायद्यानुसार पाकिस्तानला लष्करी मित्रदेशाचा दर्जा दिला. ती बातमी ऐकली आणि मी पाकिस्तानी रूममेट गुलजमानशी बोलणं टाकलं. अबुधाबीच्या लेबर कॅम्पात आमच्या खाटा वर-खाली, तरी चार दिवस एक शब्द नाही.

पाचव्या दिवशी दोघंही रजा मागायला ऑफिसात. त्याचे वडील पेशावरला हॉस्पिटलात होते. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली, तरी मी तिला पाहिलं नव्हतं. अर्ज आत टाकायला मॅनेजरने ड्रॉवर उघडला, तर कंपनीने आल्याबरोबर काढून घेतलेले आमचे पासपोर्ट, गुलजमानचा हिरवा आणि माझा निळा, एकाच रबरबँडमध्ये.

"प्रोजेक्ट खलास होने दो, फिर मिलेगा. इन्शाल्ला."



बाहेर आल्यावर गुलजमान म्हणाला, "वासुदेवभाई, अमेरिका को बोलूं क्या? दोनों के पासपोर्ट छुडवा देगा."